प्रमाणपत्र आधी, पेपर नंतर

पहिल्याच कॉन्फरन्सला, नांदेडात, रजिस्ट्रेशनच्या टेबलावर मला प्रमाणपत्र मिळालं: ‘यांनी शोधनिबंध उत्तमरीत्या सादर केला.’ माझा नंबर दुपारी चारला होता!

मी घाबरून म्हटलं, "सर, माझं वाचायचं राहिलंय अजून."

"असू द्या मॅडम. जेवण झालं की माणसं पळतात. मग देऊ कुणाला?"

तेव्हापासून साठलेले किस्से आता माझ्या पीएचडीपेक्षा जाड झालेत.

*

त्याच दिवशी दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ यांतच चार वाजले. अध्यक्ष म्हणाले, "दोन मिनिटांत आटपा." मी दचकून थेट शेवटच्या स्लाइडवर गेले. तिच्यावर फक्त ‘धन्यवाद’ होतं.

सगळ्यात जास्त टाळ्या मलाच पडल्या!

*

माझा विषय तालुक्याचे वार्ताहर. त्यातले इस्लापूरचे गंगाधरकाका माझा मुख्य आधार. मीडियावाल्यांच्या कॉन्फरन्सला त्यांनाही नेलं. एसी हॉल. कोटातले साहेब स्टेजवरून सांगत होते, "गावची बातमी तीस सेकंदांत जगभर!"

काका उठले. "साहेब, आमच्याकडं रेंजसाठी झाडावर चढावं लागतंय."

"झाडं किती आहेत?"

"लई. सगळं जंगलच हाय."

"व्हेरी गुड!" साहेबांनी लिहून घेतलं.

*

मुलाखतीत मी विचारलं, "काका, कार्यक्रमाची बातमी कधी लिहिता?"

"पत्रिका आली की. कार्यक्रमाची वाट बघत कोण बसतंय?"

"आणि पाहुण्यांचं भाषण?"

"लई वर्षं तेच करून राहिलेत. मला पाठ हाय."

एकदा पाहुणे आलेच नाहीत. बातमीत त्यांचं मोलाचं मार्गदर्शन मात्र छापून आलं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा फोन: "गंगाधरराव, भाषण मस्त झालं हो!"

*

हाच किस्सा लातूरच्या कॉन्फरन्सला वाचायच्या माझ्या पेपरचा प्राण. पण गाईड मॅडम हॉलच्या दारात अडून बसल्या. "काकांची संमती दाखव. नाहीतर तो भाग गाळ."

तो भाग गाळला की उरतं काय? पुन्हा ‘धन्यवाद’!

पत्रिका आणि संमतीचा फॉर्म काकांना आधीच पाठवला होता; सही मात्र आलीच नव्हती. मी त्यांना फोन लावत सुटले. अकरा वेळा नुसती रिंग. आत माझं नाव पुकारलं. बाराव्यांदा फोन उचलला.

"काका! तुमचा किस्सा सांगू का? संमती हवी, आत्ताच्या आत्ता!"

"आता कशाला, ताई? ‘वार्ताहराने आनंदाने संमती दिली, सभागृहात टाळ्यांचा कडकडाट,’ सकाळीच पाठवली की बातमी!"