वहिनींची नीळ

नाटकाच्या कपडेपटात वहिनींपुढे कुणाची शहाणपट्टी चालत नसे. तीस वर्षं त्या पात्रांचे कपडे रंगवत होत्या. नवे दिग्दर्शक 'रंग म्हणजे पात्राचं मन' वगैरे सांगू लागले की त्या म्हणत, "मन तुम्ही बघा. डाग मी बघते." दिवे सांभाळणारे भाऊजी त्यांचे धाकटे दीर. ते बिचारे वहिनींचं सगळं निमूट ऐकून घेत.

या नाटकात मागे काळा पडदा, आईबाप पांढऱ्या कपड्यांत आणि घर सोडणाऱ्या मुलीचा कोट लाल. पांढऱ्यात तर वहिनींचा हातखंडा. पण महिन्यापूर्वी त्यांनी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले होते, तेही 'बहिणीकडे जाते' असं सांगून. रंगवणारीचे डोळे गेले अशी कुजबूज झाली, की काम गेलंच म्हणायचं.

नव्या डोळ्यांनी त्यांनी बेतानं नीळ घातली. कपडे झक्क निघाले. तालमीत दिवे लागले आणि आईबाप पिवळेधमक दिसू लागले.

"वहिनी, हे तर कपाटात वर्षभर पडल्यासारखे दिसतायत," दिग्दर्शिका म्हणाली.

वहिनी तडक दिव्यांच्या शिडीपाशी गेल्या.

"भाऊजी, दिव्यांना काय लावलंय?"

"पिवळा कागद. नेहमीचाच."

"नेहमीचा?"

भाऊजी खाली उतरले आणि हळूच म्हणाले, "सहा वर्षं झाली. तुमची नीळ जास्त पडायला लागली तेव्हापासून."

वहिनींनी कपाटातले जुने पांढरे सदरे खिडकीशी नेले. एकूण एक आकाशी. सहा वर्षं या माणसानं ताकास तूर लागू दिली नव्हती.

"सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी घरी बसला असता."

हे खरं होतं. वहिनींना त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

"चढा वर. काढा तो कागद. शिडी मी धरते."

कागद निघाला. आईबाप पांढरेशुभ्र झाले, लाल कोट उठून दिसू लागला.

"दिव्यांची चूक होती," भाऊजींनी वरूनच सांगून टाकलं.

वहिनींनी शिडी सोडली नाही. "दिव्यांची नाही, माझ्या डोळ्यांची," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "सहा वर्षं मला पांढरंही पिवळट दिसत होतं, म्हणून नीळ ओतत होते."

दिग्दर्शिकेनं विचारलं, "आणि आता?"

"लख्ख."

"मग त्या कोटाच्या बाहीवरचा डाग बघा जरा."