खोबरेल प्यालेला हात

सांगूनच टाकते. यंत्राच्या सांध्यांत मी डोक्याला लावायचं खोबरेल तेल घातलं. एकदा नाही, आठवडाभर रोज, बाळंतिणीच्या बाळाला चोळावं तसं. तेव्हा मी नुकती साठीची, म्हणजे पोरच, आणि अंगात नको तितकी अक्कल.

यंत्र म्हणजे रोबोटचा हात. सहा चिमुकल्या मोटरी, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि वायरींचा गुंता. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी तो मागच्या खोलीत जोडत बसले होते, कारण आमच्या ह्यांचा उजवा हात अर्धांगवायूनं गेला होता. डावा इतका थरथरायचा की घास तोंडाशी येईस्तोवर निम्मा सांडायचा. घरात मी भरवलेलं चालायचं. चार माणसांत मात्र हे ताटाला शिवायचे नाहीत. उद्यमनगरातल्या कारखान्यातले ह्यांचे जुने सोबती एका रविवारी सकाळी मिसळ खायला येणार होते. त्यांच्यासोबत ह्यांनी आपल्या आपण चार घास खावेत, एवढंच मला हवं होतं.

एकाच सोऱ्यात चकती बदलली की कधी शेव, कधी चकली. तसं एकाच मनगटात कधी चमचा, कधी चिमटा, कधी पेला धरायची कडी बसवायची, असा माझा थोर बेत. प्रत्यक्षात चमचा बसवला की तो थेट नाकात. त्याला वळण लावलं, तर पेला हनुवटीखाली पाणी ओतायचा. प्रत्येक अवजाराची लांबी वेगळी, वजन वेगळं, म्हणून दर वेळी प्रोग्रॅममधले आकडे पहिल्यापासून बदलायचे. चाचणी माझ्याच तोंडावर. दहीभातानं माखलेलं माझं ध्यान बघून जाऊबाई दारातूनच ओरडल्या, "अगं, ह्यो जेवू घालतोय का मुस्काट फोडतोय?"

ह्यांनी आतून दोनदा विचारलं, "काय चाललंय गं? कसला आवाज त्यो?" मी म्हटलं, "तुम्ही पडा हो निवांत."

आवाज सांध्यांचा होता, कुईकुई. म्हणून ते तेल. आणि काय सांगू, हात लोण्यासारखा फिरायला लागला! चमचासुद्धा बरोबर ओठांशी थांबला. मी स्वतःवर इतकी खूश, की जाऊबाईंना तीनदा बोलावून दाखवलं.

रविवारी उजाडताच बटण दाबलं. गारठा असा पडला होता की बोटं वळत नव्हती. मोटरी नुसत्या गुरगुरल्या, हात जागचा हलेना. मोटर जळली, असं मी ठरवूनच टाकलं. थांबेल ती मी कसली! सहाच्या सहा उघडल्या. दोन स्क्रू फरशीच्या फटीत गेले, एका चाकाचे दाते मीच मोडले. तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या.

मिसळ झाली, हसणं झालं. ह्यांच्यापुढची ताटली तशीच. "घ्या की, गार व्हायला लागली," एकानं म्हटलं. "मगाशीच खाल्लंय, पोट गच्च हाय," हे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मंडळी गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन सगळे तुकडे परातीत आदळले. आवाजानं हे भिंत धरत धरत आले. खुर्चीत टेकले, डाव्या हाताचं बोट एका चाकावरून फिरवलं. बोटाला पांढरं, थिजलेलं काहीतरी लागलं. त्यांनी ते हुंगलं. माझ्या डोक्याकडे बघितलं, परत परातीकडे बघितलं. चाळीस वर्षं लेथ चालवलेला माणूस.

मग म्हणाले, "थंडीत खोबरेल थिजतंय, हे शेंबडं पोरबी सांगंल. मला का न्हाय विचारलंस? माझा हात गेलाय, डोस्कं न्हाय."