बिनानावाची कुत्री

बावन्न-त्रेपन्न साली मानोऱ्याच्या बाजाराला आला की शिकारी कुत्री पैदा करणारा एक बंजारा तांडेवाला आधी आमच्या अंगणात यायचा. पहिला रामराम आमच्या कुत्रीला, मग मला. बोलतानाही नजर तिच्या मागच्या पायांवरच.

कारवानी या शिकारी जातीची ती, पिल्लू असताना त्यानेच दिलेली. पुढे तिच्या सख्ख्या बहिणीचे मागचे पाय थरथरत लुळे पडले. या कुत्र्यांच्या आजीचंही तसंच झालं होतं. "वाणातच हाये," म्हणत त्याने त्या वाणाच्या कुत्र्यांची पैदास थांबवली. मोटारीतून आलेले शिकारी पिल्लांसाठी मिनतवाऱ्या करायचे, हा ढिम्म.

आम्ही नाव ठेवायला निघालो तर खेकसला, "कायले? जीव लावसान अन् मंग रडसान."

दर खेपेला तो तिला शेताच्या अरुंद धुऱ्यावरून, बांधावरून, चालवायचा. बहीण पहिल्यांदा तशीच धुऱ्यावरून घसरली होती. एका बाजाराच्या दिवशी ही मात्र पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली.

"ज्या उमरीत बहीण पडली, ती उमर निघून गेली हिची," म्हणत तो धुऱ्यावरच बसला. पागोट्याने तोंड पुसलं.

"मग आता नाव ठेवू?"

त्याने तिच्याकडे बघत हाक मारली, "बिजले, ये!"

आम्ही ते नाव पहिल्यांदाच ऐकलं; ती मात्र रोजची हाक ऐकावी तशी थेट त्याच्याकडे धावली.