आबांच्या जबड्याचं भोक

आमच्या घरात दातांचं कुणाला काही कळत नाही, एक्स-रे मात्र सगळ्यांना वाचता येतो. त्यात मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. म्हणजे एक्स-रे हा माझ्या घरचाच विषय!

माझ्या वडिलांची, आबांची, खालची दाढ ठणकत होती. मटणाची नळी फोडता येईना, तेव्हा ते रूट कॅनालला तयार झाले. मी त्यांना हुपरीहून मंगळवार पेठेतल्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर मॅडमनी तोंडात एक्स-रेची पट्टी ठेवली.

"आजोबा, हलू नका हं."

"हसू का?"

"नको."

"मग फोटू कसला?"

पुढं दाढ बधिर झाली. मॅडमनी तोंडावर रबराचा पडदा ताणला, आत काहीतरी खुडबुड केली, दुसरा फोटो काढला आणि "आलेच दोन मिनिटांत" म्हणून शेजारच्या खोलीतल्या पेशंटकडं गेल्या.

मी कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर बघितलं. दाढेच्या मुळात दोन पांढऱ्याशुभ्र सुया! पार तळापर्यंत! सुया मोडल्या आणि बाई पळाल्या! शिवाय शेजारच्या दाताच्या मुळाशी एक काळा, गोल खड्डा. (माझं शास्त्रीय निदान : जबड्याला भोक.)

मी लगेच स्क्रीनचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. 'आबांच्या दाढेत सुया मोडल्या. जबड्याला भोक. घाबरू नका.'

सगळे घाबरले. आईचा फोन आला, "आरं, भोक आरपार हाय का?" पेठ वडगावचे काका म्हणाले, "मी गाडी काढलीया!" आणि आत्या तर मागच्याच गल्लीत राहते. ती पाचव्या मिनिटाला चपला हातात घेऊन आत घुसली.

"दादाऽऽ! काय केलं रं तुला ह्यांनी!"

आबांना रबराच्या पडद्याआडून बोलता येईना. "अं! अं अं!" करत ते हात हलवायला लागले.

"बगितलंस? वाचा गेली!" आत्यानं हंबरडा फोडला आणि पदराची गाठ सोडून फ्रिजवरचं गणपतीचं लोहचुंबक बाहेर काढलं. "हे लाव. सुई वडून यील."

इथं तरी मी शहाणपण दाखवायला हवं होतं. पण मी काय म्हणालो? "आत्या, स्टेनलेस स्टील असंल तर चिकटणार न्हाय." ती म्हणाली, "लावून तर बग की!" आणि मी, पदार्थविज्ञानाचा पदवीधर, गणपती घेऊन आबांच्या तोंडाकडं वाकलो.

आबांनी माझं मनगट धरलं. पंजा असा की दूध काढताना अजून म्हशी घाबरतात!

"काय चाललंय?" दारात मॅडम.

"सुया मोडल्यात!" मी स्क्रीनकडं बोट दाखवलं.

"मोडल्या नाहीत. मुळाची लांबी मोजायला मीच घातल्यात. त्या बघा की सुयांच्या मुठी."

आबांच्या दाढेतून दोन इवल्या मुठी बाहेर आलेल्या होत्या. एक लाल, एक निळी. मी इतका वेळ एक्स-रे वाचत होतो, तोंडात बघायचं राहून गेलं होतं.

"आणि ते भोक?" मी हळूच विचारलं.

"तिथून नस बाहेर येते. ते तुम्हालापण आहे."

आत्यानं गपचूप गणपती पदरात बांधला. मी काकांना फोन करून गाडी परत फिरवायला सांगितली. मॅडमनी पुढचं काम उरकलं आणि पडदा काढला. आबांनी आधी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता चारचौघांत उद्धार होणार. पण त्यांनी माझं लाल झालेलं मनगट हलकेच चोळलं.

"लई घाबारलास व्हय रं?"

मी मान डोलावली. तेवढ्यात ते मॅडमकडं वळले. "बाई, ह्येच्या डोस्क्याचा येक फोटू काडा की."

मॅडम अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "आजोबा, या मशीनवर फार लहान वस्तूचाच फोटो येतो."

"मग मावंल की!" आत्या म्हणाली.

आबा बधिर गालानं वाकडे-वाकडे हसले. मी भौतिकशास्त्राचा माणूस. मनातल्या मनात माप घेतलं. खरंच मावत होतं!