आईची सुधारित आवृत्ती

परवा एका परिसंवादात एक विद्वान म्हणाले, मराठीला वाचक उरला नाही. मी त्याच व्यासपीठावर बसले होते, समोर चहा आला होता, म्हणून गप्प राहिले. नाहीतर म्हणणार होते, एखाद्या दुपारी सोलापुरात आमच्या घरी या. मागचं आवरून झालं की आई पदराला हात पुसते, चष्मा लावते आणि अक्कलकोटच्या पलीकडे राहणाऱ्या मावशीला फोन लावते. "ऊटा आतेन?" म्हणजे जेवण झालं का, एवढं विचारून घेते आणि पुस्तक उघडते. पुस्तक मराठी, वाचन कानडी. डोळा मराठी ओळीवर असतो आणि तोंडातून सरळ कानडी बाहेर पडते, तीही आमच्या घरची, शिव्यांसकट. मावशीला मराठी बोललेलं जेमतेम कळतं, वाचता येत नाही. ती तिकडे फोन स्पीकरवर टाकून शेंगा फोडत ऐकते.

भाषांतराच्या शिबिरात एका म्हणीपायी दुपारभर अडून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. आई कशालाच अडत नाही. एखादा शब्द नाही सुचला तर "तसलं काहीतरी" म्हणते आणि पुढे जाते, पण गोष्टीचा धागा सुटू देत नाही.

लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा गंधही नव्हता. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चादरी-टॉवेलचं दुकान होतं. दुकान वाढवून घरी येताना ते वाचनालयातून तिच्यासाठी कादंबरी आणत. स्वतः हिशेबापलीकडे काही वाचलं नाही, त्यामुळे निवडीची कसोटी एकच, "जाड बघून आणलंय." त्या जाड पुस्तकांतून आई मराठी शिकली आणि शिकली तशीच बोलू लागली. मंडईत भाव सोडेना अशा एका बाईला ती म्हणाली होती, "आपण इतक्या निष्ठुर का झालात?" ती बाई इतकी गांगरली की वर चार वांगी तिनं फुकट टाकली. अप्पा ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगायचे. पुढे गल्लीनं तिला बोलायची मराठी शिकवली.

तिची एक खोड आहे. माणसं मेलेली तिला खपत नाहीत. कादंबरीतली सून विहिरीकडे निघाली की आईच्या कानडीत तिथं नेमकी पाणी भरायला कुणीतरी आलेली असते. क्षयानं गेलेला मुलगा मावशीपुरता मिरजेच्या दवाखान्यातून बरा होऊन घरी येतो. पुढच्या प्रकरणात त्याचं श्राद्ध आलंच, तर ते ती बिनधास्त एखाद्या आजोबांच्या नावावर घालते. टीव्हीच्या मालिकांत मेलेली माणसं परत येतात तेव्हा मी नाक मुरडते. आई म्हणते, "त्यांना आत्ता सुचलं व्हय?" एकदा मी म्हटलं, लेखकानं काही विचार करूनच मारलं असेल की.

"त्याला काय, मारून मोकळा. तुझी मावशी तिकडं रातभर जागती."

यंदा माझी कादंबरी आली. एका दुकानदाराची गोष्ट. आम्हाला ओळखणाऱ्या कुणालाही कळेल की ते अप्पा आहेत. अप्पा दुकानातच गेले, दुपारी, गादीवर बसल्याबसल्या. मी तेव्हा शिकायला पुण्यात होते. कादंबरीच्या शेवटी तो दुकानदार सकाळी बायकोशी भांडून निघतो आणि दुपारी दुकानात कोसळतो. शेजारी न उघडलेला डबा. परीक्षणांत त्या डब्याचं फार कौतुक झालं. आईनं मात्र पुस्तक हातात घेतलं, मागून-पुढून पाहिलं, "जाड न्हाय," म्हणाली आणि फडताळात ठेवून दिलं. त्यानंतर चकार शब्द नाही. खरं सांगायचं तर मला दुसऱ्या कुणाचंच मत नको होतं. हिचं हवं होतं आणि ते विचारायचा धीर होत नव्हता.

मग एका दुपारी ती माझंच पुस्तक घेऊन फोनपाशी बसली. त्या दिवसापासून रोज मी शेजारच्या खोलीत कामाचं सोंग घेऊन कान देऊन असायचे. माझा दुकानदार मराठीत जरा शिष्ट झाला होता. तिच्या कानडीत तो थेट अप्पांसारखा बोलू लागला. मला हेवा वाटला आणि अभिमानही. असं करत शेवटचं प्रकरण आलं. मी दारात जाऊन उभी राहिले. ती त्याला वाचवणार याची मला खात्री होती, आणि तसं झालं तर आपल्याला राग येईल की रडू, हे मात्र ठाऊक नव्हतं.

"अक्का, हा जगतो न्हवं?" मावशीनं तिकडून कानडीत विचारलं.

आईनं ओळीवर बोट ठेवलं. "न्हाय. हा जातो."

"मग बदल की गं."

"हे बदलायचं न्हाय. पोरीनं आमचं लिवलंय."

आणि तिनं वाचलं. भांडण, ऊन, गादी, सगळं मी लिहिलं तसं, शब्दाला शब्द. मग डबा आला. "आणि डबा रिकामा होता," ती त्याच सुरात म्हणाली. "घासून पालथा घातलेला. कडक भाकरी, शेंगाचटणी, सगळं खाल्लं होतं. भांडून गेला होता, पण जेवला होता."

मावशी तिकडे रडत होती. फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "आई, हे पुस्तकात नाही. पदरचं घातलंस ना?"

"पदरचं तू घातलंस. डबा मी आणलाय दुकानातनं, या हातानं." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "लोक लई बोलत होते, भांडून पाठवलं म्हणून. मी म्हटलं, बोला. माझ्या हातचं जेवून गेला माणूस. तेवढ्यावर दिवस काढले मी. पुढच्या छपाईत नीट लिव."

इतक्या कादंबऱ्यांतल्या मेलेल्यांना तिनं उठवून बसवलं. अप्पांना तिनं जाऊ दिलं, पण उपाशी जाऊ दिलं नाही.

संध्याकाळी मी प्रकाशकांना फोन केला, पुढच्या आवृत्तीत डब्याचं वाक्य बदलायचंय म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "अहो, सगळं पुस्तक त्या डब्यावर तर उभं आहे!"

"डबा राहू द्या," मी म्हणाले. "फक्त रिकामा करा."