वडिलांच्या सदऱ्याच्या बाह्या

गेल्या वर्षी मे महिन्यात हसनाबादच्या एका लग्नात वडिलांना मांडवातच चक्कर आली. अंगात आहेरात आलेल्या टेरिकॉटचा सदरा होता, घामाने गच्च भिजलेला. यंदा केदारखेड्याच्या लग्नाला त्यांना तसे जाऊ द्यायचे नाही, असे मी ठरवले.

जालन्याच्या दुकानात तीन कापडे उजेडात धरून पाहिली आणि त्यातले विरळ विणीचे, हवा खेळू देणारे पांढरे लिनन घेतले. वडिलांचा जुना सदरा टेपने मोजून गेलो होतो. हिशेबाने सव्वादोन मीटर पुरत होते, म्हणून तेवढेच फाडून घेतले. शिंप्याने कापड आधी भिजवायला सांगितले. वाळल्यावर मोजले, तर लांबी दहा सेंटिमीटरने कमी भरली.

"आता बाह्या अर्ध्याच निघतील," शिंपी म्हणाला.

वडिलांना ते पटले नाही. "अर्ध्या बाह्या शाळेतल्या पोरांच्या. मला आहेराचाच बराबर हाय."

चूक माझी होती. कापड आटते हे माहीत असूनही मी ते हिशेबात धरले नव्हते.

शेवटी आईने वडिलांचे एक वापरून मऊ झालेले सुती धोतर माझ्या हातात दिले. "याच्या बाह्या लावायला सांग. अन् या बारीला मोजत बसू नको."

धोतराच्या पूर्ण बाह्या म्हटल्यावर वडील तयार झाले. लग्नात लिननला पडलेल्या सुरकुत्या पाहून एका पाहुण्याने टोकलेच, "मामा, घरी इस्त्री न्हाई का?"

"इस्त्री हाय. पण हा सदरा असाच राहतो," वडील म्हणाले.

दुपारच्या पंगतीत ते शेवटपर्यंत बसले आणि वाढप्याला थांबवून त्यांनी पुन्हा बुंदी मागितली.