पाटा छकड्यात आणि म्हैस दारात

आमच्याकडे बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. लोक पटाचा दिवस सांगतात, गुलाल सांगतात, इनाम सांगतात. पण खरी मजा त्याच्या आधीच्या महिन्याची, म्हणजे सरावाची. सरावात कोणीच आपली जोडी खरी पळवत नसे. का म्हणून विचारू नका. शेजाऱ्याला कळलं की आपले बैल किती जोरात पळतात, तर तो आपले बैल त्याहून जोरात पळवील, असा साधा हिशोब होता. आता, कळल्यावर त्याचे बैल कसे काय जास्त जोरात पळतील, हे मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं. मामाजी म्हणाले, "सूनबाई, तुमच्या माहेरी दुसरबीडकडे पट होत नाहीत, तुले नाही समजाचं." मामाजी म्हणजे माझे सासरे.

खामगावच्या बाजूला काळ्या मातीचं आमचं गाव. महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. घरात दुभतं जनावर नव्हतं, पण बैलांना दूध होतं. विकत आणलेलं. एक पांढरा, एक तांबडा, दोघं रोज संध्याकाळी दूध, तूप, अंडी खात आणि आम्ही कोरा चहा पीत असू. मी पोटुशी होते, तरी मलाही कोराच. हे आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, फार लागलं. त्यांनी एक दिवस बाहेरच्या ओट्यावर चार माणसं बसलेली पाहून मुद्दाम पदर खोचला आणि विचारलं, "ऐकता काय जी? यंदा पट नाही मारला तर ही जोडी जाईन अन् म्हैस येईन. बोला, हाव का नाही?"

चार माणसांत मामाजी काय बोलणार? "हाव," म्हणाले. "पण यंदा मारतोच."

आणि ते कामाला लागले. काम म्हणजे लपवालपवी.

पहिल्या दिवशी मी चटणी वाटायला बसले तर पाटा जागेवर नाही. वरवंटा आहे, पाटा नाही. घर शोधलं, गोठा शोधला. शेवटी सापडला तो शर्यतीच्या छकड्यात, कडब्याखाली. बैलांवर वजन पडावं, ते हळू पळावेत आणि बांधावर बसलेल्यांना वाटावं की या जोडीत दम नाही, म्हणून मामाजींनी माझा पाटा नेला होता. सराव संपेपर्यंत आम्ही लाल तिखट आणि तेल यावर भाकरी खाल्ली. आत्याबाई रोज म्हणायच्या, "दूध नेलं, आता पाटाही नेला. उद्या चूल नेतीन हे!"

दुसरी युक्ती पट्टीची. पांढऱ्याच्या पायाला हळद लावलेली चिंधी बांधायची आणि गावातून त्याला पाण्यावर न्यायचं, म्हणजे लोकांना वाटावं बैल दुखावला. आता बैल काही लंगडत नव्हता, तो आपला ऐटीत चालायचा. लंगडायचे मामाजी. बैलाच्या शेजारून असे पाय ओढत चालायचे की बघणाऱ्याने त्यांच्याच पायाला हळद लावावी.

पण ही युक्ती एकट्या मामाजींना सुचली होती थोडीच? त्या पौषात आमच्या गावात धड पायाचा पळणारा बैल म्हणून दिसत नव्हता. नदीच्या पल्याडच्या गावातही तेच. तिकडे मामाजींचा लहानपणचा सोबती होता, दोघांनी एकाच मास्तरचा मार खाल्लेला. त्याची जोडी ही आमच्या जोडीची खरी वैरीण. तो आमच्या शेताजवळच्या बाभळीवर चढून आमचा सराव बघायचा आणि मामाजी खालून विचारायचे, "काऊन बे, शेंगा तोडून राह्यला काय?"

"हाव, बकरीले."

त्याच्याकडे बकरी नव्हती. म्हशी होत्या.

मामाजींचं वेग मोजायचं तंत्र निराळं होतं. घड्याळ कुठलं? जोडी सुटली की ते श्वास कोंडून उभे राहायचे. धावेच्या शेवटाच्या थोडं अलीकडे एक पळस होता. जोडी पळसापाशी आली की त्यांचा श्वास फुस्सकन सुटायचा. मग खोकत खोकत मला म्हणायचे, "पाह्यलं ना सूनबाई? पाटा हाय तरी पळसापावतर. पाटा काढला की श्वास सुटाच्या आधी पार शेवटाले." पण पाटा काढून एकदाही पळवली नाही. बाभळीवर तो बसलेला ना!

हे असंच पटापर्यंत चाललं असतं. पण बुलढाण्याहून ढोरांचे नवे डॉक्टर आले. पुण्याकडचे, तरुण, भला माणूस. त्यांनी आमचं गाव पाहिलं, पल्याडचं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. जिकडेतिकडे बैलांचे पाय बांधलेले! पट्टी सोडून बघू म्हणाले तर लोक म्हणत, "साहेब, मंत्रून बांधली हाय, सोडली की दोष लागते."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आमच्या दारी आले. पांढऱ्याकडे बघत राहिले.

"काका, काल याचा डावा पाय बांधला होता ना? आज उजवा कसा?"

मामाजी जराही डगमगले नाहीत. "वात हाय साहेब. फिरते."

डॉक्टरांनी मान हलवली आणि जाऊन पटवाल्या पंचांना सांगितलं की मुक्या जनावरांचे असे हाल मी होऊ देणार नाही. ज्याला पटात जोडी उतरवायची असेल त्याने आधी माझ्यासमोर ती भरधाव पळवून दाखवावी, पट्ट्या सोडून. जी जोडी हातचं राखून पळेल ती दुखावलेली धरीन आणि परत पाठवीन.

झालं. साऱ्या गावांवर शोककळा पसरली. महिनाभर झाकून ठेवलेलं सगळ्यांसमोर उघडं करायचं, तेही एकाच सकाळी, एकाच शेतात!

त्या सकाळी मामाजींनी स्वतः पाटा आणून दिला. मी तो धुतला, हिरव्या मिरच्यांचा ठेचा वाटला, आणि मग आम्ही बायका बांधावर जाऊन उभ्या राहिलो. जोड्या सुटत होत्या. काल लंगडणारे बैल वाऱ्यासारखे चालले होते आणि डॉक्टर प्रत्येक वेळी "अरे वा, बरा झाला!" म्हणत होते.

आमची जोडी आली. छकड्यावर आमचे हे. मामाजींनी छाती भरून श्वास घेतला. जोडी सुटली. हे ओरडत होते, शेपट्या पिळत होते, काही म्हणता काही बाकी ठेवलं नाही. मी जोडीकडे कमी आणि मामाजींकडे जास्त बघत होते. चेहरा तांबडा झाला, मग जांभळा झाला.

जोडी पळसापाशी आली आणि फुस्स.

तिथेच. त्याच पळसापाशी. पाटा असताना जिथे, पाटा नसताना तिथेच. म्हणजे महिनाभर आम्ही जे लपवत होतो ते नव्हतंच हो! त्या दोघांना पाट्याचं काही वाटतच नव्हतं. त्यांना वाटेल तेवढं ते पळत होते.

मामाजी बांधावर बसले. मी जवळ गेले. ते हळूच म्हणाले, "सूनबाई, तू पाह्यलं?"

"हाव मामाजी."

"कोणाले सांगू नको."

तेवढ्यात पल्याडचे, म्हणजे मामाजींचे ते सोबती, तावातावाने आले. "काऊन बे, डॉक्टराले फसवलं ते फसवलं, मलेही फसवतं? पोरानं कासरा आवळून धरला होता, मले दिसत नाही काय?"

"अबे, तो जीव तोडून हाकत होता!"

"तेच तं! एवढं बोंबलाची गरज काय? नाटक होतं ते."

दुसऱ्या संध्याकाळी ते दारात उभे. सोबत एक म्हैस, नुकती व्यालेली, मागे पारडू. "हे घे अन् जोडी मले दे. मले ते बैल दुसऱ्याच्या छकड्याले पटात पाहाचे नाहीत."

आत्याबाई दाराआड होत्या. म्हैस बघून त्यांनी माझा दंड असा धरला की वळ उठले. मामाजी एकदा म्हशीकडे बघत, एकदा गोठ्याकडे. शेवटी माणूस सोबती होता, राहवलं नाही. म्हणाले, "ऐक बे. जोडी एवढीच पळते. जेवढी काल पळाली तेवढीच. फसशीन."

पल्याडचे हसत सुटले. "पाह्य, पाह्य! द्याची नाही म्हून कसा खोटं बोलते!"

"महादेवाची आन!"

"मंग तं नक्कीच काहीतरी हाय."

"सूनबाईले विचार."

मी म्हटलं, "खरं हाय जी. पळसापाशीच..."

"सुनेलेही शिकवून ठेवलं," पल्याडचे म्हणाले आणि म्हशीचा दोर आमच्या खुंट्याला बांधून मोकळे झाले. आयुष्यात पहिल्यांदा मामाजी पटाबद्दल खरं बोलले, आणि त्या खऱ्याने सौदा पक्का केला.

पटात आमची जोडी त्यांच्या छकड्याला पळाली. मधल्याच कुठल्यातरी नंबरावर आली. ना इनाम, ना गुलाल. मला वाटलं, आता भांडण होणार. पल्याडचे आले, पण मामाजींच्या शेजारी बसून कानात म्हणाले, "अजून लपवूनच राह्यले ते बैल. खुराक काय देत होता, सांग."

मामाजींनी इकडेतिकडे पाहिलं. "दूध," म्हणाले. "पण ओळखीच्या हातचं लागते."

तेव्हापासून मामाजी रोज सकाळी लोटा भरून नदी ओलांडत. पल्याडच्यांच्या म्हशीचं दूध आमच्या घरून निघून पल्याडच्यांच्याच गोठ्यातल्या आमच्या बैलांच्या पोटात जाई. दोघं सोबती तिथे बसून पुढच्या पटाच्या गुप्त गोष्टी बोलत आणि दुपारी जेवायलाच घरी येत.

मी एकदा आत्याबाईंना विचारलं, "आत्याबाई, म्हैस आली तरी दूध बैलायलेच. तुमाले राग नाही येत?"

त्यांनी माझ्यासमोर पेला ठेवला, वर जाड साय. "लोट्यात काय जाते ते कोण पाह्यते वो?" म्हणाल्या. "अर्धं पाणीच असते. तू पी."